पंधरा खाटी

कांदळखार, ता. मालवण
८ फेब्रुवारी १९८७

चि. सदा,

आशीर्वाद. सरलाचं पोटाचं दुखणं कसं आहे ते मागच्या पत्रात तू लिहिलंच नाहीस. आधी ते कळव.

इथली बातमी चांगली नाही. गावचा सरकारी दवाखाना बंद करायचा हुकूम निघालाय. सिस्टर सुशीलाने कागद मला वाचायला आणून दिला. कांदळखारात रोगी फार कमी येतात, त्यांच्यावरचा खर्च परवडत नाही, सबब पावसाआधी सगळं सामान खाडीपलीकडच्या केंद्रात हलवावं, असं त्यात आहे.

रोगी कमी आहेत हे खरं. पण डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, तेही एसटी मिळाली तर. माणसं उन्हातून चालत येतात, रिकामी खुर्ची बघतात आणि परत जातात. दुसऱ्यांदा कशाला येतील? तो आकडा वरच्या लोकांनी धरला आणि गावाला दुखणंच नाही असं ठरवलं.

पावसात खाडी कशी असते ते तुला सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी सिस्टर रजेवर असताना गाबितांच्या तुळसाला कळा सुरू झाल्या. तिला होडीत घालून पलीकडे नेत होते, ती होडीतच गेली. पोटातलं मूलही गेलं. माझ्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली मुलगी. सिस्टर एक महिना नव्हती तर ही गत. आता कायमचीच नसेल.

तू विमा कंपनीत आहेस, सरकारी भाषा तुला कळते. हा हुकूम फिरवायचा तर अर्ज कुणाकडे करायचा ते लिही. शाळेतून निवृत्त झाले तरी माझं अक्षर अजून बरं आहे.

अक्का

---

मुलुंड, मुंबई
१९ फेब्रुवारी १९८७

ती. अक्का,

नमस्कार. सरलाच्या पित्ताशयात खडे निघाले. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. काळजी करू नकोस, दवाखाना चांगला आहे.

अर्ज जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे कर, प्रत आमदारांना दे. पण खरं लिहू का? त्या दवाखान्यासाठी जीव टाकण्यासारखं काय आहे? बाबांना आपण सरकारी इस्पितळात नेलं होतं. त्यांना खाट मिळाली नाही. व्हरांड्यात सतरंजीवर पडून होते, मी सलाईनची बाटली हातात धरून उभा होतो आणि वॉर्डातला माणूस मला म्हणाला, पोरा, बाजूला हो, झाडायचं आहे. तेव्हा मी कॉलेजात होतो. त्या दिवसापासून सरकारच्या फुकट औषधावर माझा विश्वास नाही. जे फुकट असतं त्याची जबाबदारी कुणावर नसते.

आमच्या कंपनीने आता आजारपणाचा विमा काढलाय. वर्षाला हप्ता भरायचा. इस्पितळात राहावं लागलं तर खर्च कंपनी देते. सरलाचं बिल त्यातूनच मिळेल. ही दया नाही, करार आहे. कंपनीने नाही म्हटलं तर कोर्टात खेचता येतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर आला नाही तर तू कुणाला खेचणार?

तुझा हप्ता मी भरेन. सोबत माहितीपत्रक पाठवतो. गावातल्या ज्यांना परवडेल त्यांनाही सांग. सरकार सगळ्यांना सगळं कधीच पुरवू शकणार नाही, हे आता माणसांनी मान्य करायला हवं.

तुझा सदा

---

कांदळखार
१५ मार्च १९८७

चि. सदा,

सरलाचं ऑपरेशन झालं असेल. तिला माझ्याकडून जप म्हणावं, आणि तू घरात तिला पाणी भरू देऊ नकोस.

माहितीपत्रक मी एकटीने वाचलं नाही. नसीबाच्या ओटीवर बायका जमल्या होत्या, त्यांना वाचून दाखवलं. नसीबा तुला आठवत असेल, दाऊद बोटवाल्याची बायको, जेटीवर मासळीचा लिलाव घेते ती. तुझा विमा आम्ही नीट समजून घेतला, थट्टेवारी नेला नाही. त्यात लिहिलंय की इस्पितळ किमान पंधरा खाटांचं हवं. नसीबा म्हणाली, "पंधरा खाटी? आमच्या सगळ्या वाडीत मिळान तरी पंधरा खाटी आसत काय?" पुढे वाचलं तर बाळंतपणाचा खर्च मिळत नाही. घरी राहून घेतलेल्या औषधाचा मिळत नाही. विमा काढण्याआधीपासून असलेल्या आजाराचा मिळत नाही. तेव्हा ती म्हणाली, "मगे ह्यो कागद खंयच्या दुखण्याक?" ह्याचं उत्तर तुला येत असेल तर लिही.

बाबांचं तू लिहिलंस. मीही तिथे होते, सदा. त्यांचे पाय माझ्या मांडीवर होते. त्यांना खाट मिळाली नाही, तर आणखी खाटा घाला म्हणून भांडायचं, की इस्पितळच नको म्हणायचं? आणि फुकट कोण म्हणतं? काडेपेटीपासून रॉकेलपर्यंत प्रत्येक गोष्टीवर नसीबा कर भरते. ती मासळीच्या पाटीखालून दिवसभर भरत असते आणि तिला कुणी पावती देत नाही, म्हणून ते फुकट?

अर्ज केला. उत्तर आलं की रोगी कमी आहेत. मग आम्ही ठरवलं की रोगी दाखवायचे. आठ दिवसांपासून अख्खा गाव दवाखान्यात जातोय. ज्याला जे दुखतं ते त्याने सांगायचं, एवढीच अट. गुडघे, डोळे, खरूज, खोकला, पोरांचे कान. पहिल्या दिवशी रांग वडाच्या पारापर्यंत गेली. सिस्टर सुशीला आधी घाबरली, मग पदर खोचून कामाला लागली. प्रत्येकाचं नाव ती लिहून ठेवते. डॉक्टर एरवी दुपारी परत जायचे, ते परवा दिवेलागणीपर्यंत बसले आणि जाताना मला म्हणाले, बाई, तुम्ही माझी नोकरी घालवणार. मी म्हटलं, आम्ही ती टिकवतोय.

अक्का

---

मुलुंड
२८ मार्च १९८७

ती. अक्का,

सरला घरी आली. बरी आहे. बिलाचे पैसे कंपनीकडून मिळतील, कागद मंजूर झालेत. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमच्या ओटीवरच्या सभेत माझ्या कागदाला जे बोल लावले गेले ते अर्धेच खरे आहेत. माझ्या बायकोला तो कागद उपयोगी पडला. तिला व्हरांड्यात झोपावं लागलं नाही.

तुमचं चाललंय ते मला पटत नाही. चांगल्या चालत्याफिरत्या माणसांनी रांग लावायची आणि खरा तापाने फणफणलेला माणूस मागे राहायचा, ह्याला काय म्हणायचं? सरकारची औषधं खोट्या दुखण्यांवर उडतील आणि तोच मुद्दा उद्या तुमच्यावर उलटेल. तू आयुष्यभर पोरांना हजेरीत खोटं नाव लावू दिलं नाहीस. आता काय करते आहेस?

विम्याचा फॉर्म भरून पाठवतोय. फक्त सही कर. आधीचा काही आजार आहे का, ह्या प्रश्नापुढे मी 'नाही' लिहिलं आहे. तुला कधी साधी सर्दी झालेली मी पाहिली नाही.

तुझा सदा

---

कांदळखार
१० मे १९८७

चि. सदा,

तुझा फॉर्म सही न करता परत पाठवते आहे. रागावू नकोस. त्या प्रश्नाचं उत्तर तू माझ्या वतीने दिलंस, आणि मला ते तसं देता येत नाही. ह्याहून जास्त आज विचारू नकोस.

खोटी दुखणी म्हणालास. ऐक. दाऊदला सहा महिने खोकला होता. समुद्रावरचा माणूस, खाऱ्या वाऱ्याने होतं म्हणून काढत होता. बायकोने रांगेत ढकलला म्हणून आला. सिस्टरने थुंकी तपासायला पाठवली, तर क्षय निघाला. आता रोजची सुई चालू आहे. तांडेलांच्या म्हातारीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, ती म्हणते, माका वाटला वय झाला. चार गरोदर बायकांच्या अंगात रक्त नाही. हे सगळे घरात होते, सदा. त्यांना दुखत नव्हतं असं नाही. सांगायचं कुणाला, हाच प्रश्न होता. आम्ही गेलो हट्टाने, आणि खरंच आजारी निघालो.

तापाच्या माणसाला मागे ठेवावं लागतं, हे मात्र तुझं बरोबर होतं. तुझं पत्र आल्यावर आम्ही रांगेत फिरून आधी ताप आणि लहान पोरं पुढे घ्यायला लागलो.

पंधरा दिवसांपूर्वी ट्रक आला. बाळंतपणाचं टेबल आणि लशींचा फ्रीज न्यायला. बरोबर जिल्ह्याच्या ऑफिसचे गुरुदास परुळेकर नावाचे गृहस्थ. माणूस वाईट नाही, उन्हातून आला होता, आधी पाणी मागितलं. आम्ही पाणी दिलं आणि दारात बसलो. ते म्हणाले, हुकूम रोगी कमी होते तेव्हाचा आहे, आताचा आकडा बघून फेरविचार होईल, पण तोवर सामान न्यावं लागेल. मी विचारलं, सामान गेल्यावर आकडा कुठून येणार?

तेवढ्यात हमाल मागच्या दाराने आत शिरले. टेबल उचलणार तर नसीबा त्यावर चढून मांडी घालून बसली. एवढ्या देहाची बाई, हातात मासळीची सुरी नव्हती हे नशीब. म्हणाली, "माझी दोन पोरां हेच्यार जल्मली. आता माकाय उचला." हमाल आमच्याच बाजूच्या गावचे, ते हसायला लागले. परुळेकरांनी शेवटी ट्रक रिकामा परत नेला. पण जाताना एक कागद पुढे केला. रोग्यांचा आकडा फुगवण्यासाठी मी गावाला चिथावलं, अशी कबुली द्यायची आणि माफी मागायची. म्हणजे प्रकरण मिटेल.

मी तो कागद त्यांना परत दिला. चिथावलं हे मी मान्य करते, माफी मागणार नाही, असं तोंडी सांगितलं. आता मला नोटीस आलीय. पेन्शन का थांबवू नये, म्हणून विचारलंय.

अक्का

---

मुलुंड
२० मे १९८७

अक्का,

माफी माग. मी हात जोडतो. दोन ओळी लिहिल्याने तू लहान होत नाहीस. त्या पेन्शनवर तू एकटी राहतेस. टेबलावर चढून बसणाऱ्या बायका उद्या तुला जेवायला घालणार आहेत का?

आणि फॉर्म परत पाठवून तू माझा अपमान केलास. मी माझ्या बहिणीसाठी एक चांगली गोष्ट करायला निघालो, तर तिला तत्त्व आठवलं. सही करता येत नाही म्हणजे काय? माझ्या पैशाने काढलेला विमा तुला नको, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

सदा

---

कांदळखार
३ ऑगस्ट १९८७

सदाभाऊंना नसीबा दाऊद होडेकरचा सलाम.

बाईंनी तुम्हाला पत्र लिहायचं नाही म्हणून मला बजावलं आहे. माझ्या अक्षराला वळण बाईंनीच लावलेलं, आणि मी त्यांचंच ऐकत नाही. पण आता लिहायला हवं.

तुमचं शेवटचं पत्र आल्यापासून बाई तुमचं नाव काढत नाहीत. टपालवाला येतो तेव्हा मात्र दारात येतात. सदाभाऊ, विम्याच्या कागदावर बाईंनी सही का केली नाही ते तुम्हाला ठाऊक नाही. मार्चमध्ये रांगेत सगळ्यांची लघवी तपासली. सिस्टर नळीत निळं पाणी घालते आणि दिव्यावर धरते. माझं निळंच राहिलं. बाईंचं विटेसारखं लाल झालं. बाईंना साखरेचा आजार आहे. तुम्ही कागदावर नाही लिहिलं होतं. त्या मला म्हणाल्या, त्याने प्रेमाने लिहिलं, पण खोटं लिहिलं, आणि हे मी त्याला सांगितलं तर तो रात्रभर झोपणार नाही.

जुलैत खाडीवर बाईंच्या पायाला कालवाची शिंप लागली. एवढीशी जखम. पण ती भरेना. आता अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं आहे. सिस्टर रोज येऊन धुते, सुई देते. ती म्हणते, दवाखाना उठला असता तर आतापर्यंत पाय गेला असता. पण आता मोठ्या इस्पितळात न्यायला हवं, आणि बाई म्हणतात, दवाखान्याचा निकाल लागेपर्यंत मी गाव सोडणार नाही.

त्यांना तुमच्याशिवाय कोण रागावणार? पेन्शन अजून थांबली नाही. थांबली तर जेवणाचं तुम्ही विचारलं होतं म्हणे. माझ्या चुलीवर बाईंचं जेवण गेल्या महिन्यापासूनच शिजतं आहे. वेगळ्या भांड्यात शिजवू का म्हटलं, तर त्या म्हणाल्या, वेगळं भांडं कशाला, मासळी तीच.

नसीबा

---

मुलुंड
९ सप्टेंबर १९८७

ती. अक्का,

पोचलो. पायावर भार देऊ नकोस. ड्रेसिंगला सिस्टरशिवाय कुणाचा हात लागू देऊ नकोस. इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेव, नाहीतर दवाखान्याच्या फ्रीजमध्येच राहू दे.

समोर असताना बोलता आलं नाही, ते लिहितो. तुला खासगी दवाखान्यात नेण्यासाठी मी जीप ठरवून आलो होतो. तू ऐकलं नाहीस, निकालाआधी गाव सोडते, पण तालुक्याच्या सरकारी इस्पितळातच जाईन म्हणालीस. त्या क्षणी तुला तिथेच सोडून निघून जावंसं वाटलं होतं. मग तुझं बोट काढलं, आणि मी खाली व्हरांड्यात झोपलो. बाबांच्या वेळचाच वास होता तिथे. मांजरं होती. एक वॉर्डबॉय माझ्याशी नीट बोलला नाही. आणि ज्या सर्जनने तुझा पाय वाचवला, तो त्या दिवशी सकाळपासून उभा होता. मी डबा पुढे केला तर दोन घास उभ्यानेच खाल्ले आणि पुढच्या रोग्याकडे गेला. त्याने माझ्याकडे काहीच मागितलं नाही. ह्या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या. एक लिहून दुसरी लपवणार नाही.

आणि हे. माझं काम क्लेम तपासायचं आहे. तू त्या फॉर्मवर सही केली असतीस, तर हा क्लेम माझ्या खात्यात आला असता, आणि आजार आधीपासूनचा आहे म्हणून नामंजूर झाला असता. नियमाप्रमाणे ते बरोबरच ठरलं असतं. 'नाही' मी लिहिलं होतं, खोटी तू ठरली असतीस. गाडीत बसल्यापासून हे डोक्यातून जात नाही.

तरीही मी तुझ्यासारखा पूर्ण सरकारच्या बाजूचा झालेलो नाही. सरलाला विम्याने तारलं. आणि तुला त्या इस्पितळात वेळेवर खाट मिळाली, ती मी तिथे आवाज चढवला म्हणून. हे तूही ऐकलंस. मी नसतो तर?

आता इकडे येऊन राहा. सरलानेही मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. एक खोली तुझी.

तुझा सदा

---

कांदळखार
२२ नोव्हेंबर १९८७

चि. सदा,

पाय भरला. काठी घेऊन चालते. एक बोट कमी असलं की चप्पल निसटते, बाकी काही अडत नाही.

मी मुंबईला येणार नाही. सरलाला सांग, तिच्या खोलीत राहायला मला आवडलं असतं. पण आत्ता नाही.

आवाज चढवलास म्हणून खाट मिळाली, हे मी ऐकलं. माझ्या बाजूला आरोंद्याची एक बाई होती, तिच्यासाठी आवाज चढवणारं कुणी नव्हतं. ती दोन दिवस जमिनीवर होती. हे तुझ्या पत्रात आलं नाही, म्हणून मी लिहिते. प्रत्येकीला मुंबईचा भाऊ नसतो, सदा. तो आवाज आपण सगळ्यांनी मिळून चढवायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे. तुझा विमा तू ठेव. तुझ्या शहरात इस्पितळं आहेत, तुझ्या हातात पगार आहे, तिथे तो चालतो. त्यावर माझा राग नाही. पण तो आहे म्हणून हे नको, असं म्हणालास तर मी भांडेन.

आता काय झालं ते सांगते. दवाखाना ठेवायचा हुकूम ऑक्टोबरात आला. खाली एक ओळ होती, डॉक्टरची जागा मात्र भरता येत नाही. ती ओळ वाचून आम्ही एसटीने जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो. नसीबा, दाऊद, सगळे; फक्त सिस्टर दवाखान्यात थांबली. दाऊदच्या अंगावर आता मांस चढलंय, त्याला मुद्दाम पुढे उभा केला. साहेब नवे होते. परुळेकर त्यांच्या मागे उभे होते. साहेब म्हणाले, तुमच्या गावात कुणी डॉक्टर राहायला तयार नाही, त्याला सरकार काय करणार? वीज जाते, खाडी भरते, शिकलेला माणूस तिथे कसा राहील?

मी काठीवर उभी होते. मी म्हटलं, "साहेब, मीही शिकलेली होते. ह्याच सरकारने मला त्याच गावात पाठवलं होतं. तीस वर्षं राहिले. मला कुणी विचारलं नव्हतं की तयार आहात का."

खोलीत आमचीच माणसं खोकत होती. मग साहेब म्हणाले, डॉक्टरला राहायला घर तरी कुठे आहे? त्यावर नसीबा लगेच म्हणाली, "माझो माडयेवरचो भाग देतंय. भाडा नको माका, डॉक्टर होयो." परुळेकरांनी खाली मान घालून ते लिहून घेतलं. माझ्या पेन्शनच्या नोटिशीचं काय, म्हणून मी निघताना विचारलं. ते हळूच म्हणाले, तो कागद तुम्ही विसरा, आम्हीही विसरतो. मी म्हटलं, मी विसरणार नाही, मला लेखी द्या. ते अजून आलेलं नाही. आल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

गेल्या सोमवारी डॉक्टर आली. नांदगावची मुलगी आहे, पहिलीच नेमणूक. ट्रंक घेऊन होडीतून उतरली तेव्हा चेहरा रडवेला होता. बदली मिळते का, हे तिने पहिल्याच दिवशी सिस्टरला विचारलं, असं कळलं. त्यात तिचा काय दोष? तुझ्यासारखीच तीही चांगलं घर, चांगली नोकरी शोधत असेल. रात्री नसीबाने तिला भाकरी आणि बांगड्याची आमटी वाढली. जेवताना ती म्हणाली, इथे सहा महिन्यांच्या वर कुणी टिकत नाही असं ऐकलंय.

नसीबाने तिच्या ताटात आणखी एक तुकडी घातली आणि म्हणाली, "तुमी जावा नायतर रवा. आमी हंयच आसंव. तुमी गेलात तर दुसरो आणतलंव."

सकाळी ती मुलगी आठाच्या आत खुर्चीवर बसली होती. रांग तिच्या आधीच लागली होती.

अक्का